घाटावरचं रॉकेट

"ताई, पर्स उघड," तुषार म्हणाला. "हा फोन ठेव. पण लॉक करू नकोस, आणि काही झालं तरी बॅक दाबू नकोस."

डोक्याचं नुकतंच मुंडण झालेलं, कमरेला ओला पंचा, थंडीने ओठ निळे पडलेले, आणि हातात मोबाईल. पाठीमागे गुरुजी भाताचे पिंड वळत बसले होते. "यजमान, या लवकर," ते दुसऱ्यांदा म्हणाले.

"काय चालू आहे त्यात?" मी विचारलं.

"बँकेचं काम आहे गं. मध्येच तुटलं तर पैसे अडकतात."

त्याने फोन स्वतःच माझ्या पर्समध्ये सरकवला, वरून रुमाल घातला आणि वडिलांच्या दहाव्याला जाऊन बसला.

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा त्यांनी तालुक्याच्या गावात तीन खोल्यांचं घर बांधलं आणि मागच्या परसात एक लिंबाचं झाड लावलं. आयुष्यभर लोकांना बसायला जागा करून दिली, आता आपल्याला मिळाली, असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे. त्या घरावरून त्या दिवशी घाटावर जे झालं, ते चार वर्षांनीही आठवलं की माझ्या तोंडाला कडवटपणा येतो. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. खोटं बोलणारी माणसं मला नवीन नाहीत. पण वसतिगृहातल्या पोरी निदान पकडल्या गेल्या की लाजतात.

घर दादांच्या नावावर होतं. वारस तिघं, आई, मी आणि तुषार. तुषार दाखवेल तिथे आई सही करणार, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. उरले मी. आमच्याकडे बाप गेला की बहिणीने हक्कसोड करायची आणि भावाने दिवाळीला साडी पाठवायची, असा व्यवहार आहे. मी एरवी केलाही असता. मला त्या घरातली एक वीट नको होती. पण माझी सही झाली की तुषार घर विकणार होता. हार्डवेअरचा एक दुकानदार दादा दवाखान्यात असतानाच टेप घेऊन येऊन माप घेऊन गेला होता. आणि आईला तो पुण्याला आपल्या भाड्याच्या फ्लॅटवर नेणार होता, जिथे त्याची बायको मनीषा तीन महिन्यांचं भाडं थकलंय म्हणून दाराची बेल वाजली की श्वास रोखून बसायची. हे मनीषानेच मला रडत सांगितलेलं.

भाडं थकायचं कारण ते रॉकेट. दवाखान्यात दादांच्या उशाशी बसून तो ते खेळायचा. पडद्यावर एक रॉकेट उडतं आणि शेजारी आकडा वाढत जातो. सव्वा, दीड, दोन, तीन. फुटायच्या आत बटण दाबलं तर लावलेले पैसे तेवढ्या पटीने मिळायचे. त्याआधी फुटलं की सगळं गेलं. लगेच दुसरं रॉकेट तयार. इतकं सोपं की त्यात अक्कल लागतच नाही, आणि आमचा तुषार मात्र त्याबद्दल अभ्यास असल्यासारखा बोलायचा. "तीन वेळा लवकर फुटलं ना ताई, की चौथं लांब जातं. पॅटर्न असतो." समोर बापाला ऑक्सिजन लावलेला, आणि हा पॅटर्न शोधतोय.

एकदा दादांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं.

"वैजू, ह्याला घर पुरायचं न्हाई," ते म्हणाले. "आन घर गेलं तर तुझ्या आईनं कुठं जायाचं?"

तुषारने ऐकलं. दादांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला, शपथ घेतली. नर्सबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी मी चहा घेऊन आले तर हा जिन्यात बसून रॉकेट उडवत होता.

तर घाटावर. नदीला पाणी कमी, काठाला शेवाळ, आणि प्रवचनकार महाराज कर्ण्यावरून देह कसा नाशिवंत आहे ते सांगत होते. त्यांच्यानंतर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. एकाने दादांना शेवटपर्यंत 'ड्रायव्हर' म्हटलं. मग पिंड मांडले. पत्रावळीवर दादांच्या आवडीचं सगळं ठेवलं, शेव, रेवड्या, कपभर चहा, बिडीचं बंडल. सगळे मागे सरकले आणि माना वर करून चिंचेकडे बघत उभे राहिले.

चिंचेवर कावळे भरपूर होते. खाली मात्र एकही येईना.

"दादा, या!" ताराआत्याने हाक मारली. ती दादांची धाकटी बहीण. "या हो, आता कशात जीव अडकलाय?"

कावळे आपसात भांडत होते. पाच-दहा मिनिटं गेली असतील, माझी पर्स थरथरली. मग पुन्हा. लोक बघायला लागले म्हणून मी फोन बाहेर काढला.

त्यावर रॉकेट उडत होतं.

कुणी बटण दाबत नव्हतं आणि खेळ चालू होता. वरच्या कोपऱ्यात 'ऑटो' लिहिलेलं. दर डावाला पैसे आपोआप लागत होते आणि दुप्पट झाले की आपोआप निघत होते. दुप्पट व्हायच्या आत फुटलं की पडदा लाल. एक हिरवं, दोन लाल, परत हिरवं, मग लागोपाठ लाल. मुलगा पिंडाला हात जोडून बसलेला आणि त्याचा जुगार माझ्या तळहातावर एकटाच चाललेला. मला किळस आली.

तेवढ्यात वरून बँकेचा मेसेज उतरला. पैसे वजा झाल्याचा. खातं दादांचं, पेन्शनचं. खात्याला नंबर तुषारचा जोडलेला होता, कारण "दादांना मोबाईलमधलं कळत नाही." माणूस मरून दहा दिवस झाले, तरी त्याच्याकडून वसुली सुरूच होती.

शेजारी भाऊकाका उभे होते. दादांचे धाकटे भाऊ, सोसायटीचे माजी चेअरमन, भावकीतले कारभारी. हक्कसोडीसाठी दुसऱ्या दिवशीची रजिस्टर ऑफिसची वेळ त्यांनीच घेतली होती. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"काका, हे बघा. पिंडापाशी बसून तुमचा पुतण्या काय करतोय ते बघा. आणि पैसे दादांच्या पेन्शनचे आहेत."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मला वाटलं, आता ते जाऊन त्याच्या कानाखाली काढतील. निदान शिवी देतील.

"हे वाढतंय का?" काका म्हणाले.

"काय?"

"आकडा गं. वाढतोय न्हवं?" त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "दोन... हिरवं झालं. म्हंजी आलं का पैसं?"

"आले आणि गेलेसुद्धा, काका. वरची रक्कम बघा. उतरत चाललीय."

"थांब की जरा." रॉकेट अजून वर चाललं होतं. "च्यायला, आठवर गेलं बघ! ह्यानं दोनवरच काढलं. धा धरायला पायजे व्हतं."

मागून आमचे एक मेव्हणे आले. मग सरपंचांचा भाऊ आला. "काय बघताय?" "गेम हाय. तुषारचा." तिघांची डोकी फोनवर एकत्र झाली. चिंचेकडे बघायला आता फक्त बायका उरल्या होत्या. समोर भाताच्या पिंडांवर माश्या बसत होत्या, गुरुजी पंच्याने त्या हाकत होते, आणि मयताचा सख्खा भाऊ "गेलं, गेलं, अरारारा!" असं कळवळून म्हणाला. ताराआत्याला वाटलं तो दादांसाठी कळवळला. तिने मोठ्याने गळा काढला.

मी काकांच्या हातातून फोन ओढून घेतला. "लाज वाटते का?"

"आगं, चार मान्सांत नको," काका दबक्या आवाजात म्हणाले, पण डोळे अजून फोनवरच. "पोरगं हाय. चुकतंय. जबाबदारी आली की सुधरंल."

"कुठली जबाबदारी? घर विकायची?"

"आत्ता त्यो इषय नको. आधी कावळा शिवू दे."

आणि विषय नको म्हणता म्हणता पुढच्या मिनिटाला त्यांनीच तो काढला. आमच्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरतात, आणि मग जो तो पुढे होऊन मोठ्याने शब्द देतो. काकांनी हात जोडले. "दादा, वहिनीला अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. आत्या म्हणाली, पोरांकडे लक्ष ठेवीन. एका इच्छुक उमेदवाराने तर घाटापर्यंत काँक्रीटचा रस्ता करून देण्याचं वचन दिलं. कावळ्यांनी त्याच्याकडेही ढुंकून पाहिलं नाही, तेवढ्यापुरता मला त्यांचा आदर वाटला.

"वैजू," काका वळले. "तू बोल. तुझ्यात जीव अडकलाय त्यांचा."

"माझ्यात?"

"हक्कसोडीचं बोल. उद्या सही करते म्हन. भावा-बहिनीत वाद नगं, हीच इच्छा असनार त्यांची."

सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. दोनशे माणसं असतील. ज्यांनी दादांना कधी चहा पाजला नव्हता, त्यांनाही दादांची शेवटची इच्छा ठाऊक होती. माझ्या हातात फोन गरम झाला होता.

"म्हन ना गं," आत्या म्हणाली. "लेकीला कशाला हवा हिस्सा? नांदतीयेस की चांगली."

मी आईकडे बघितलं. पिंडाजवळच, बायकांच्या पुढे ती बसली होती. गळा उघडा, कपाळ उघडं, पदर दोन्ही हातांनी गच्च धरलेला. तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "म्हण गं वैजू. कर सही. तुला काय करायचंय घर?"

एवढा वेळ आलेली किळस एका बाजूला आणि हे एका बाजूला. जिच्यासाठी मी अडून उभी होते, तीच म्हणत होती. मला वाटलं, सरळ चपला घालाव्यात आणि पहिल्या एसटीने निघून जावं. विका, जाळा, रॉकेटला लावा, मला काय.

मी आईवरून नजर काढून पुन्हा फोनकडे बघितलं.

तेव्हा तुषार उठला. ओल्या पंच्यात, थरथरत, भादरलेल्या डोक्याने. तो फार केविलवाणा दिसत होता, हे मला मान्य केलं पाहिजे. पिंडापुढे त्याने गुडघे टेकले.

"दादा, तुम्हाला माझीच काळजी आहे," तो हुंदका देत म्हणाला. "मला माहितीय. आजपासून त्या गेमला हात लावणार नाही. आईची शपथ. आईला राणीसारखी ठेवीन. या दादा, आता तरी या."

बायका रडायला लागल्या. आईने पुढे वाकून हात जोडले, तिचे ओठ हलत होते. आवाज काही ऐकू आला नाही. माझ्या हातातला फोन थरथरला. हात न लावताच नवं रॉकेट उडालं होतं.

आणि चिंचेवरून एक कावळा सरळ खाली आला, पिंडावर चोच मारली, शेवेची एक कांडी उचलली आणि गेला.

"शिवला! शिवला!" सगळा घाट ओरडला. काकांनी तुषारला मिठी मारली. आत्या आईच्या गळ्यात पडली. "बापाचा इस्वास हाय पोरावर," असं लोक एकमेकांना सांगायला लागले. आईचा चेहरा दहा दिवसांत पहिल्यांदा सैल झाला होता. त्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प बसले. फोन उंच करून सगळ्यांना दाखवायचं मनात होतं, पण आईची ती एवढीशी शांती मोडायला मन होईना. लेकाच्या शब्दाने ती शांत झाली असं मी धरून चालले.

गर्दीतून वाट काढत तुषार माझ्याकडे आला. डोळे अजून ओले होते. मला वाटलं, गळ्यात पडतोय. मीही क्षणभर हात पुढे केला.

"फोन दे," तो कुजबुजला. "किती राहिलेत?"

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने बघितलं, तोंड कसनुसं केलं. आणि शपथ घेतलेल्या त्या हातांनी, बोटांच्या पेरांना पिंडाचा भात चिकटलेला असताना, अंगठ्याने पुढच्या डावाची रक्कम वाढवली.

"भाऊकाका," मी मोठ्याने म्हणाले. "उद्या रजिस्टर ऑफिसला माझी वाट बघू नका. मी सही करणार नाही. उद्या नाही आणि कधीच नाही."

घाटावर असं कुणी बोलत नाही.

"कावळा शिवल्यावर?" आत्या किंचाळली. "बापाचं समाधान झाल्यावर?"

"झालं असेल समाधान. माझं नाही झालं."

पुढचं काय सांगू? मला हिस्सेवाली म्हणाले. बापाच्या पिंडावर पाय दिला म्हणाले. काकांनी हात झटकले, "हिच्या घरात पानी पिनार न्हाई." तुषार डोळे पुसत म्हणाला, "राहू द्या काका, ताईला पैशाचा मोह सुटत नाही." पैशाचा मोह! मला! मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो ते मनापासून म्हणत होता, हे सगळ्यात भयंकर होतं. आई मान खाली घालून बसली होती. ती एक शब्द बोलली नाही, माझ्या बाजूने नाही की विरुद्ध नाही.

घर राहिलं. माझ्या सहीशिवाय हार्डवेअरवाल्याने हात घातला नाही. आई तिथेच राहिली, कारण तुषार तिला न्यायला आलाच नाही. विकायला घर नसेल तर आई नेऊन काय करायची? पुण्यातला फ्लॅट सुटला, मनीषा मुलीला घेऊन माहेरी गेली. भावकीतल्या लग्नांची आमंत्रणं मला येईनाशी झाली. कुठे समोरासमोर आलोच तर आत्या पदराने तोंड झाकून बाजूने जाते. मी दर पंधरा दिवसांनी आईकडे जाते, किराणा भरते, औषधं आणते. घाटाचा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही. मी जाते त्या दिवशी आई कुरकुरते, एवढ्या लांब कशाला येतेस म्हणते, आणि शेजारणीला ऐकू जाईल असं तुषारचं कौतुक करते. मी ऐकून घेत होते. आत कुठेतरी सलत होतं, ते आणखी खोल ढकलत होते.

यंदा पितृपक्षात दादांच्या तिथीला मी गेले. तुषार येणार होता, आला नाही. आईने खीर, वडे, भोपळ्याची भाजी केली. पान वाढून परसातल्या भिंतीवर ठेवलं आणि आम्ही दोघी लिंबाखाली उभ्या राहिलो. लगेच कावळा आला. पाठोपाठ दुसरा. पान सांडून दोघे वड्यावरून भांडायला लागले.

"आता बरे पटकन येतात," मी म्हणाले. चार वर्षांचं साठलेलं तोंडातून निसटलंच. "त्या दिवशी तुझ्या लेकाने शपथ घेईपर्यंत आले नाहीत. शपथ खोटी होती आई. तो बोलत होता तेव्हा फोन माझ्या हातात होता आणि गेम चालू होता. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

आई भिंतीकडेच बघत होती.

"मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "मी नऊ महिने वागवलाय त्याला. शपथ घेताना त्याचा डावा पाय हलतो. शाळेत असल्यापासून हलतो."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"कावळा त्याच्या शपथेला नव्हता शिवला."

"मग?"

"मी मागितलं होतं ह्यांच्याकडे. हळूच." तिने पदर खोचला. "म्हटलं, पोराला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही होता तेव्हा रेटली नाही, आता काय रेटणार. तो जिथं म्हणेल तिथं मी सही करीन. तेवढं वैजूला सही करू देऊ नका. ती मुलखाची हट्टी आहे, तिला तशीच ठेवा."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. चार वर्षं. लग्नकार्यांना जाणं तुटलं, आत्याचे शिव्याशाप, गावभर हिस्सेवाली. आणि हिला माहीत होतं. आजवर ज्यांची किळस केली त्यांच्या रांगेत हिलाही उभी करावी असं क्षणभर वाटलं.

"आणि तोंडाने मला 'कर सही' म्हणालीस? दोनशे माणसांत?"

"तो समोर होता ना गं," आई म्हणाली, जणू यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. "चल, जेवून घे. पान वाढते."

तिने पाट मांडला. मी बसले. तेवढ्यात कोनाड्यातला फोन वाजला. तुषार. आईने तो डाव्या कानाला धरला आणि तिचा आवाज एकदम पातळ, दीनवाणा झाला.

"जेवलास का रे बाळा? ... हो, शिवला, लगेच शिवला. ... घराचं? काय करू रे, मी कधीची तयार आहे. तुझी बहीण ऐकते का कुणाचं? मेली हट्टी आहे. ... हो, आलीय ना, बसलीय इथंच. ... बोलते, परत बोलते तिच्याशी. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

हे बोलत असताना ती माझ्या पानापाशी वाकली होती. उजव्या हातात तुपाची वाटी होती. भातावर तिने तूप घातलं, थांबली, आणि पुन्हा घातलं.